एकच जाळं, तीन उत्तरं

१०१ नोड, म्हणजे १०१ बिंदू, असलेलं एक जाळं घेऊ. एक नोड मधोमध, त्याला केंद्र म्हणू. बाकीचे १०० त्याच्या भोवती, त्यांना टोकं म्हणू. प्रत्येक टोकाचा दुवा फक्त केंद्राशी आहे, टोकाटोकांत एकही दुवा नाही. अशा रचनेला तारा-जाळं म्हणतात. आता त्यावर एक संसर्ग सोडू. बाधित झालेला नोड सरासरी एक एकक वेळात बरा होतो, आणि बरा होईपर्यंत आपल्या प्रत्येक दुव्यावरून ठरावीक जोराने, म्हणजे एका एककात सरासरी ठरावीक वेळा, लागण पुढे देत राहतो. बरं होण्याची आणि लागण देण्याची नेमकी वेळ मात्र योगायोगावर अवलंबून. बऱ्या झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते. प्रश्न एवढाच: जोर किती असला म्हणजे हा संसर्ग टिकून राहील, आणि किती असला म्हणजे विझून जाईल?

एक प्रचलित पद्धत सांगते, उंबरठा ०.५ च्या आसपास. दुसरी तितकीच प्रतिष्ठित पद्धत सांगते, ०.०२. तिसरी सांगते, ०.१. जाळं तेच, नियम तेच, आणि उत्तरांत २५ पटींचा फरक!

तिन्हींच्या आकडेमोडीत चूक नाही. प्रत्येक पद्धतीने गणित हातात मावावं म्हणून काहीतरी मुद्दाम विसरायचं ठरवलंय, आणि तिघींनी वेगवेगळ्या गोष्टी विसरल्यात. जाळ्यांवरच्या यादृच्छिक घडामोडींचं गणित सोपं करणं म्हणजे बव्हंशी हेच: काय विसरायचं ते ठरवणं, आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते ते माहीत असणं. संसर्गाच्या जागी अफवा, संगणकातला व्हायरस, बँकांची एकामागून एक होणारी दिवाळखोरी, मेंदूतल्या पेशींचे संकेत काहीही ठेवलं तरी प्रश्नाचा सांगाडा तोच राहतो. मी संसर्गच धरून चालतो, कारण या विषयातली बरीचशी हत्यारं तिथेच घडली किंवा तिथेच पारखली गेली.

मुळात अडतं कुठे

प्रत्येक नोडच्या दोनच अवस्था: बाधित किंवा निरोगी. दोन नोड असतील तर सगळ्या जाळ्याच्या मिळून चार अवस्था होतात. १० नोडना १,०२४. २० नोडना १०,४८,५७६. आपल्या १०१ नोडच्या ताऱ्याला २५ वर २९ शून्यं, एवढ्या. २७० नोड झाले की ही संख्या दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येच्याही पुढे जाते, आणि २७० नोडचं जाळं म्हणजे काही मोठं जाळं नव्हे.

यातल्या प्रत्येक अवस्थेची एक संभाव्यता असते, ती वेळेनुसार बदलते, आणि त्या बदलाचं एक समीकरण असतं. गंमत अशी की हे समीकरण अवघड नाहीच. पुढची पायरी फक्त सध्याच्या अवस्थेवर अवलंबून आहे, मागच्या इतिहासावर नाही. अशा साखळ्यांचा अभ्यास आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९०६ मध्ये सुरू केला आणि त्यांची समीकरणं अगदी सरळ, रेषीय असतात. अडचण आहे ती फक्त संख्येची.

दोष एकट्या योगायोगाचा नाही आणि एकट्या जाळ्याचाही नाही. नोड एकमेकांशी जोडलेलेच नसते तर प्रत्येकाची संभाव्यता वेगळी काढून गुणाकार केला असता, विषय संपला. जाळं आहे पण योगायोग नाही, असं असतं तर संगणकावर पायरीपायरीने चालवलं असतं, लाखो नोड असले तरी. दोन्ही एकत्र आले की प्रत्येक नोडचं नशीब शेजाऱ्याच्या नशिबात गुंतत जातं, आणि तो गुंता सोडवायला सगळ्या अवस्थांची यादी लागते.

इथे कुणी म्हणेल, मग गणित कशाला? संगणकावर फासे टाकून पाहा. तेही करता येतं. डॅनियल गिलेस्पी यांनी १९७० च्या दशकात रासायनिक अभिक्रियांसाठी मांडलेली रीत इथे जशीच्या तशी चालते: पुढची घटना कधी आणि कोणती हे योग्य संभाव्यतेने निवडायचं, घडवायचं, पुन्हा निवडायचं. त्यातून मिळणारी प्रत्येक वाटचाल नियमांना धरून अचूक असते. पण ती त्या एका जाळ्याची, त्या एका जोराची. टोकं १०० ऐवजी १०,००० केली तर उंबरठा कुठे सरकेल, आणि का, हे फाशांतून कळायला फार वेळ लागतो. सूत्र ते एका ओळीत सांगतं. माझ्या मते दोन्ही हवीत: सूत्र समजण्यासाठी, फासे सूत्राला जागेवर ठेवण्यासाठी.

फुकटात मिळणारं सुलभीकरण

काही विसरूनही काहीच गमवायचं नाही, असा एक प्रकार आहे, आणि तो सममितीतून येतो. आपल्या ताऱ्यात सगळी टोकं एकसारखी आहेत. १७ वं टोक बाधित आहे की ६३ वं, याने पुढच्या घडामोडींत काडीचाही फरक पडत नाही. म्हणजे दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे: केंद्र बाधित आहे का, आणि एकूण किती टोकं बाधित आहेत. पहिल्याची दोन उत्तरं, दुसऱ्याची ० ते १०० मिळून १०१. एकूण २०२ अवस्था. २५ वर २९ शून्यांवरून थेट २०२ वर आलो, आणि अचूकता तसूभरही कमी झाली नाही. प्रत्येकजण प्रत्येकाशी जोडलेला आहे अशा १०० नोडच्या जाळ्यातही असंच होतं. तिथे फक्त बाधितांची संख्या पुरते, म्हणजे १०१ अवस्था.

खऱ्या जाळ्यांत ही चैन फारशी परवडत नाही. दोन नोडची अदलाबदल केली तरी जाळं तसंच राहील, असं फार थोड्या ठिकाणी घडतं. पण तारा हाताशी ठेवू, कारण त्याचं अचूक गणित करता येतं आणि म्हणून बाकीच्या पद्धतींची परीक्षा त्याच्यावर घेता येते.

पहिली पद्धत: सगळे एका पातेल्यात

सगळे नोड एका पातेल्यात टाकून ढवळले, कुणाचीही गाठ कुणाशीही पडू शकते, असं समजायचं. जाळ्यातली एकच गोष्ट शिल्लक ठेवायची: नोडमागे सरासरी दुवे किती. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथीचं जे गणित मांडलं ते याच गृहीतावर उभं आहे. त्यांनी आपला आलेख ताडून पाहिला तो मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंशी, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या. तिथे दुवे मोजलेच नव्हते, आणि तरी आलेख बऱ्यापैकी जुळला होता.

ही पद्धत वरवर दिसते तितकी भाबडी नाही. लोकसंख्या मोठी आणि खरोखर चांगली मिसळलेली असेल तर योगायोगाचे चढउतार एकमेकांना छेद देत जातात. ते साधारण लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतात, म्हणजे १०,००० लोकांत एखाद्या टक्क्याएवढे. मग बाधितांचं प्रमाण एका गुळगुळीत अवकल समीकरणाप्रमाणे चालतं. थॉमस कुर्ट्झ यांनी १९७० मध्ये हे काटेकोरपणे सिद्ध केलं. साथींच्या गणितातली साधी समीकरणं कुठे वापरणं रास्त आहे, हे त्या सिद्धतेमुळे कळतं.

आता तारा. १०१ नोड, १०० दुवे, प्रत्येक दुव्याला दोन बाजू. सरासरी दुवे २०० भागिले १०१, म्हणजे १.९८. एका बाधिताने बरं होण्याआधी सरासरी एकाला तरी लागण दिली पाहिजे, म्हणजे जोर गुणिले १.९८ बरोबर १. उंबरठा ०.५०५. पण ताऱ्यात दोन दुव्यांचा नोड एकही नाही. एकाला १०० आहेत, बाकीच्यांना एकेक. ही सरासरी ज्याचं वर्णन करते असा कुणी या जाळ्यात राहतच नाही.

दुसरी पद्धत: दुव्यांप्रमाणे गट

मग नोडचे गट पाडू: एक दुवा असलेल्यांचा एक, दोन दुवे असलेल्यांचा दुसरा, असं करत शंभरपर्यंत. प्रत्येक गटाला एक समीकरण. रोमुआल्दो पास्तोर-सातोरास आणि अलेस्सांद्रो वेस्पिन्यानी यांनी २००१ मध्ये इंटरनेटवरच्या संगणक-व्हायरसांचा विचार करताना ही पद्धत वापरली, आणि या विषयाचा नूरच पालटला.

तिचा गाभा असा. यादृच्छिकपणे एखादा नोड निवडणं वेगळं आणि यादृच्छिकपणे एखादा दुवा धरून त्याच्या एका बाजूच्या नोडशी पोचणं वेगळं. ज्याला १०० दुवे आहेत त्याच्याकडे नेणाऱ्या वाटाही १०० आहेत. म्हणून दुव्यावरून गेलं की जास्त दुवेवाल्यांकडेच पुन्हा पुन्हा पोचतो. आपल्या मित्रांना सरासरी आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात, हे स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं, त्याचं कारणही हेच. ताऱ्यात कोणताही दुवा घ्या, एका बाजूला केंद्र, दुसऱ्या बाजूला टोक. दुव्याच्या एखाद्या बाजूला सापडणाऱ्या नोडचे दुवे सरासरी १०० आणि १ च्या मधोमध, म्हणजे ५०.५. संसर्ग दुव्यांवरूनच फिरतो, म्हणून त्याच्या लेखी महत्त्वाची सरासरी १.९८ नव्हे, ५०.५. उंबरठा १ भागिले ५०.५, म्हणजे ०.०२ च्या किंचित खाली.

ज्या जाळ्यांत बहुतेकांना थोडे आणि मोजक्यांना प्रचंड दुवे असतात, तिथे जाळं वाढेल तशी ही दुसरी सरासरी वाढतच जाते आणि उंबरठा शून्याकडे घसरतो. म्हणजे कितीही दुबळा संसर्ग तिथे तग धरू शकतो. यातून लसीकरणाबद्दल एक व्यवहारी सूचना निघाली. यादृच्छिक माणसाला लस देण्याऐवजी त्याच्या एखाद्या यादृच्छिक परिचिताला द्या. जाळ्याचा नकाशा हाती नसतानाही तुम्ही आपोआप जास्त दुवेवाल्यांपर्यंत पोचता.

ही पद्धत काय विसरली? कोण कुणाशी जोडलाय ते. तिच्या दृष्टीने सगळे दुवे मधोमध कापलेत आणि अर्धवट तुकडे पुन्हा वाटेल तसे जोडलेत, फक्त प्रत्येकाची दुव्यांची संख्या तेवढी जपलीय. ताऱ्यात असं केलं तर केंद्राच्या १०० तुकड्यांपैकी निम्मे केंद्रालाच येऊन चिकटतात. म्हणजे ही पद्धत केंद्राशेजारी केंद्र कल्पिते. म्हणून तिचा उंबरठा इतका खाली येतो.

तिसरी पद्धत: जाळं पूर्ण ठेवायचं

आता उलटं करू. एकही दुवा विसरायचा नाही. प्रत्येक नोडची बाधित असण्याची संभाव्यता वेगळी ठेवायची. १०१ नोडना १०१ समीकरणं, दोनाचे घात नाहीत. त्या बदल्यात एक गृहीत धरायचं: शेजाऱ्यांच्या अवस्था एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. म्हणजे ‘मी निरोगी आणि तू बाधित’ याची संभाव्यता दोन वेगळ्या संभाव्यतांचा गुणाकार. २००० नंतरच्या दशकात ही पद्धत रूढ झाली, आणि तिचं उत्तर देखणं आहे: जाळ्याची मॅट्रिक्स, म्हणजे कोण कुणाशी जोडलाय याचा तक्ता, लिहायची, तिचं सर्वांत मोठं आयगेन मूल्य काढायचं, उंबरठा म्हणजे १ भागिले ते मूल्य. ताऱ्यासाठी ते मूल्य टोकांच्या संख्येचं वर्गमूळ येतं. १०० चं वर्गमूळ १०, उंबरठा ०.१.

आयगेन मूल्य हा शब्द बाजूला ठेवूनही हे समजतं. केंद्र बाधित असताना ते सरासरी १०० गुणिले जोर इतक्या टोकांना लागण देतं. जोर ०.१ असेल तर सुमारे १०. मग केंद्र बरं होतं. त्या १० टोकांपैकी प्रत्येकजण बरा होण्याआधी सरासरी ०.१ वेळा केंद्राला लागण परत देतो. १० गुणिले ०.१ बरोबर १. फेरी पूर्ण झाली, संसर्ग जेमतेम स्वतःला चालवू शकतो. जोर याच्या खाली गेला तर प्रत्येक फेरीत तो आकसतो.

ताऱ्याच्या २०२ अवस्थांचं अचूक गणितही याच बाजूने कौल देतं. तिथे संसर्गाचं आयुष्य कशावर ठरतं, तर जोराचा वर्ग गुणिले टोकांची संख्या, या राशीवर. ती १ च्या बरीच वर गेली की आयुष्य घातांकी वेगाने लांबतं. म्हणजे निर्णायक जोर टोकांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणातच.

याची एक पुढची गोष्ट सांगण्यासारखी आहे. काही जाळ्यांत मोठे, म्हणजे पुष्कळ दुव्यांचे, नोड असतात, पण फार मोठे नसतात. तिथे दुसरी पद्धत सांगत होती की उंबरठा शून्य नाही. २००९ मध्ये शिरशेंदु चॅटर्जी आणि रिक ड्युरेट यांनी सिद्ध केलं की अशा यादृच्छिक जाळ्यांतही, जाळं पुरेसं मोठं झालं की, उंबरठा शून्यच होतो. आणि त्यामागची यंत्रणा म्हणजे आपला ताराच. मोठा नोड आणि त्याचे शेजारी मिळून संसर्ग इतका वेळ धरून ठेवतात की तेवढ्यात तो दूरच्या दुसऱ्या मोठ्या नोडपर्यंत पोचतो. गट पाडणाऱ्या पद्धतीला ही देवाणघेवाण दिसूच शकत नव्हती, कारण मोठ्या नोडच्या शेजारी नेमकं कोण बसलंय हे तिने आधीच विसरून टाकलं होतं.

म्हणून तिसरी पद्धत सर्वांत चांगली? घाई नको. तिचं स्वातंत्र्याचं गृहीत कुठे मोडतं ते पाहायला दोनच नोड पुरतात.

दोन नोड, मध्ये एक दुवा, जोर २. तिसऱ्या पद्धतीचं समीकरण सोडवलं तर कालांतराने प्रत्येक नोड ५० टक्के संभाव्यतेने बाधित राहतो, आणि कायम राहतो. आता खरं काय होतं ते मोजू. दोघे बाधित आहेत. दोघांपैकी कुणीतरी आधी बरा व्हायला सरासरी अर्धा एकक लागतो. आता एकच बाधित. दोन शक्यता: तो दुसऱ्याला पुन्हा लागण देईल, दर २, किंवा स्वतः बरा होईल, दर १. यातली कोणती तरी गोष्ट घडायला सरासरी एक तृतीयांश एकक. तीनपैकी दोन वेळा फेरी पुन्हा सुरू होते, तीनपैकी एकदा सगळं संपतं. म्हणजे सरासरी तीन फेऱ्या, प्रत्येकी पाच षष्ठांश एककाच्या. एकूण अडीच एकक. समीकरण म्हणतं कायम, प्रत्यक्षात अडीच.

याला दोन कारणं आहेत. पहिलं, मी तुला लागण दिली असेल तर तुझं बाधित असणं माझ्यापासून स्वतंत्र राहत नाही. पण समीकरण तुला परका समजतं आणि तुझ्याकडून येणारी लागण नव्याने मोजतं. माझाच आवाज भिंतीवर आपटून परत यावा आणि मी तो दुसऱ्याचा समजावा, तसं ते होतं. शेजाऱ्यांच्या अवस्था या प्रकारच्या संसर्गात एकमेकांकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे ही पद्धत बाधितांचं प्रमाण नेहमी वरच्या बाजूला दाखवते, खाली कधीच नाही. हा दोष म्हणून वाईट, पण हमी म्हणून उपयोगी. ती म्हणाली विझेल, तर खरोखर झपाट्याने विझतं.

दुसरं कारण जास्त खोल आहे. मर्यादित जाळ्यात संसर्ग कधी ना कधी संपतोच. सगळे एकाच वेळी बरे असण्याची अवस्था एकदा आली की तिथून परत फिरता येत नाही, आणि पुरेसा वेळ दिला तर ती येतेच. मग उंबरठा या शब्दाला अर्थ काय? अर्थ आयुष्याच्या लांबीत आहे. उंबरठ्याखाली संसर्ग लवकर विझतो. जाळं दहापट मोठं केलं तरी त्याचं आयुष्य थोडंसंच वाढतं. उंबरठ्याच्या वर गेलं की तेच आयुष्य जाळ्याच्या आकाराबरोबर घातांकी वाढतं, आणि काही हजार नोडसाठी ते इतकं लांबतं की समीकरणातलं ‘कायम’ व्यवहारात खरंच मानायला हरकत नाही. दोन नोडना मात्र ते लावायचं नसतं.

जोड्या, निरोप आणि झाडं

स्वातंत्र्याचं गृहीत सोडायचं तर नोडऐवजी जोड्यांचा हिशेब ठेवावा लागतो. पण जोडीचं समीकरण लिहायला गेलं की त्यात तिघांची संभाव्यता येते, तिघांच्या समीकरणात चौघांची. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते. नेहमीची तोड अशी: मधल्याची अवस्था ठाऊक असेल तर दोन्ही बाजूचे एकमेकांबद्दल आणखी काही सांगत नाहीत, असं मानायचं.

आश्चर्य म्हणजे एका परिस्थितीत हे मानणं नसून सत्य असतं. जाळ्यात वर्तुळं नाहीत, म्हणजे ते झाडासारखं आहे, आणि एकदा बरा झालेला पुन्हा बाधित होत नाही, असं धरा. मधला नोड अजून एकदाही बाधित झालेला नाही, तर त्याच्यामधून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला काहीच गेलेलं असू शकत नाही. दोन्ही बाजू खरोखर स्वतंत्र असतात. पुन्हा लागण होऊ शकत असेल तर हे कोसळतं, कारण आज निरोगी दिसणारा मधला काल दोन्हीकडे लागण वाटून मोकळा झालेला असू शकतो.

याच कल्पनेची आणखी देखणी आवृत्ती म्हणजे निरोप-पद्धत. ब्रायन कारर आणि मार्क न्यूमन यांनी २०१० मध्ये ती साथींना लावली. प्रत्येक नोड शेजाऱ्याला विचारतो: मी जाळ्यात नाहीच असं समज, तर तुला लागण झाली असती का? ‘मी नाहीच’ या एका अटीने तो परतीचा आवाज बंद होतो. झाडांवर उत्तर अचूक येतं. वर्तुळं असलेल्या जाळ्यांत ते चुकायला हवं, आणि काही वेळा चुकतंही. पण छोटी वर्तुळं विरळ असली की चूक फारच किरकोळ निघते.

जेम्स ग्लीसन यांनी २०११ मध्ये वेगळा मार्ग घेतला: नोडची अवस्था, त्याचे एकूण दुवे आणि त्यापैकी किती शेजारी बाधित आहेत, हे तिन्ही ठेवायचे. समीकरणांची संख्या फुगते, अचूकता वाखाणण्यासारखी होते. उत्तर हवं असेल तर ही पद्धत उत्तम. कारण हवं असेल तर तिच्यातून ते वेचून काढायला कष्ट पडतात.

उलट्या दिशेने चाललेला काळ

या सगळ्या क्षेत्रात मला सर्वांत आवडणारं सुलभीकरण संसर्गाचं नाही, मतांचं आहे. प्रत्येक नोडचं एक मत, होय किंवा नाही. दर पायरीला एक नोड यादृच्छिकपणे निवडायचा आणि त्याने आपल्या कुणातरी शेजाऱ्याचं मत उचलायचं. हे मतदार-मॉडेल १९७० च्या दशकात मांडलं गेलं. शेवटी कुठलंतरी एक मत सगळीकडे पसरतं. कुठलं?

काळ उलटा चालवा. आजचं माझं मत मी कुणाकडून उचललं? त्याने कुणाकडून? असं मागे जात राहिलं की वाट जाळ्यावर वाटेल तशी भटकत जाते. दोन नोडच्या वाटा कुठे भेटल्या तर तिथून पुढे त्या एकच होतात. पुरेसं मागे गेलं की सगळ्यांच्या वाटा एकाच नोडवर येऊन मिळतात, आणि त्याचं सुरुवातीचं मत जिंकलेलं असतं. मतांचा गुंतागुंतीचा प्रश्न भटकंतीचा प्रश्न झाला. आणि भटक्या दीर्घकाळात एखाद्या नोडवर किती वेळ असतो, हे फार पूर्वीपासून माहीत आहे: त्या नोडच्या दुव्यांच्या प्रमाणात.

म्हणून ताऱ्यात फक्त केंद्राचं मत ‘होय’ असेल, बाकी १०० जणांचं ‘नाही’, तरी ‘होय’ जिंकण्याची संभाव्यता १०० भागिले २००, म्हणजे बरोबर निम्मी. शंभरांविरुद्ध एक, आणि सामना बरोबरीचा. यात काही अंदाजे नाही. गृहीत धरून काही विसरलेलंही नाही.

आता नियम किंचित बदलू. निवडलेल्या नोडने शेजाऱ्याचं मत उचलायचं नाही, तर आपलं मत एका शेजाऱ्यावर लादायचं. ऐकण्याऐवजी सांगणं. एवढ्याने हिशेब उलटतो: आता नोडचं वजन त्याच्या दुव्यांच्या व्यस्त प्रमाणात. केंद्राचं वजन एक शतांश, प्रत्येक टोकाचं १. एकट्या केंद्राची जिंकण्याची संभाव्यता १०,००१ मध्ये १. कारण उघड आहे, जवळजवळ प्रत्येक पायरीला कुठलंतरी टोक निवडलं जातं आणि ते केंद्राचंच मत पुसून टाकतं. सूद आणि रेडनर यांनी २००५ नंतर हे फरक बारकाईने मांडले. जास्त ओळखीचा माणूस प्रभावी असतो, हे वाक्य कुणी मोघमपणे टाकलं की मला हा निम्मा आणि दहा हजारांत एक आठवतो.

हजारो समीकरणांचं एक

अलीकडे उलट टोकाचा प्रयत्नही होतो. २०१६ मध्ये जियानशी गाओ, बारुख बार्झेल आणि आल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांनी हजारो नोडच्या जाळ्याची घडामोड एकाच चलाच्या समीकरणात बसवली. प्रत्येक नोडला त्याच्या दुव्यांनुसार वजन देऊन सरासरी काढायची आणि त्या सरासरीचंच भवितव्य पाहायचं. नंतर इतरांनी दुव्यांऐवजी आयगेन सदिशांवरून, म्हणजे शेजारी किती वजनदार आहेत तेही धरून, वजनं घेतली आणि गरज पडेल तिथे एकाऐवजी दोन-तीन चल ठेवले. जाळ्यात अलग अलग वस्त्या असतील, आत दाट आणि मध्ये विरळ दुवे, तर एक चल पुरत नाही. वस्तीगणिक एक तरी लागतोच. माझं मत विचाराल तर वजनं दुव्यांवरून काढण्यापेक्षा आयगेन सदिशांवरून काढणं जास्त प्रामाणिक. ताऱ्याने शिकवलेला धडा तिथे निदान पाळला जातो.

वरच्या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट कुणीच सोडलेली नव्हती: जाळं जागच्या जागी राहतं, फक्त त्यावरच्या अवस्था बदलतात. माणसं मात्र तसं वागत नाहीत. शेजारी बाधित दिसला की दुवा तोडतात आणि दुसऱ्या कुणा निरोग्याशी जोडतात. २००६ मध्ये थिलो ग्रोस आणि सहकाऱ्यांनी हे गणितात आणलं. इथे नोडची समीकरणं कामाची नाहीत, कारण बदलणारी वस्तू दुवाच आहे. जोड्या मोजणं हा किमान खर्च. तरी त्यांना तीनच समीकरणं पुरली: बाधितांचं प्रमाण, बाधित-बाधित दुवे आणि निरोगी-निरोगी दुवे. त्या तीन समीकरणांतून असं काही निघालं जे जागच्या जागी राहणाऱ्या जाळ्यावरच्या साध्या संसर्गात दिसत नाही. एका ठरावीक पट्ट्यात उंबरठा एक न राहता दोन होतात. त्या पट्ट्यात जोर तोच, दुवे बदलण्याचा वेग तोच, आणि संसर्ग विझेल की टिकेल हे सुरुवातीला किती जण बाधित होते त्यावर ठरतं. एकदा टिकला की मग जोर पहिल्या, म्हणजे वरच्या, उंबरठ्याखाली आणून भागत नाही, दुसऱ्याच्याही खाली न्यावा लागतो.